जपानमधला स्वस्त मुक्काम: कुणासाठी बांधला, कुणाला मिळतो

जपान महाग, ही आपल्याकडची समजूत १९८०च्या दशकातली. तेव्हा ती खरीही होती. पुढच्या तीस वर्षांत तिथले पगार आणि किमती जवळजवळ जागच्या जागी राहिल्या, आपल्याकडच्या वाढत गेल्या आणि २०२२पासून येनची घसरण सुरू झाली. जुलै २०२४मध्ये एका डॉलरला १६१ येन मिळू लागले; १९८६नंतर येन इतका कधी उतरला नव्हता. आता १०० येनचे साधारण ५५ ते ६० रुपये होतात. मुंबईत किंवा गोव्यात हंगामात खोली घेणाऱ्याला टोकियोचा दर वाचून आता घाम फुटत नाही.

पण हे गणित आपल्याला कळलं तसं साऱ्या जगालाही कळलं. २०१३ साली परदेशी पाहुण्यांनी पहिल्यांदा एक कोटीचा आकडा ओलांडला होता. २०२४मध्ये तो ३ कोटी ६८ लाखांवर गेला. त्यात भारतातून गेलेले सव्वादोन लाखांहून अधिक. त्यामुळे टोकियो, क्योतो आणि ओसाका या तीन शहरांत खोल्यांचे दर असे चढले की ज्यांच्यासाठी त्या बांधल्या त्या जपानी माणसांनाच त्या परवडेनात. सरकारी नोकरांच्या प्रवासभत्त्याचे जुने ठरीव दर अपुरे पडू लागले आणि एप्रिल २०२५पासून नियम बदलून मर्यादेच्या आत प्रत्यक्ष खर्च देण्याची पद्धत आणावी लागली.

स्वस्त मुक्कामाचा विचार करताना सोय मुळात कुणासाठी होती, हीच बाजू धरून चालणं बरं. जपानमधली जवळजवळ प्रत्येक स्वस्त सोय मुळात पर्यटकांसाठी नव्हती. फिरतीवरचा कारकून, शेवटची गाडी चुकलेला नोकरदार, रोजंदारीवरचा बांधकाम मजूर, कापणी उरकून अंग शेकायला आलेला शेतकरी, मठात उतरणारा यात्रेकरू अशा कुणा ना कुणासाठी ती उभी राहिली. मूळ गिऱ्हाईक कोण होतं हे कळलं की खोली इतकी लहान का, जेवण आहे की नाही, दाराला कुलूप का नाही, सकाळी दहाला बाहेर का काढतात, या सगळ्याचा उलगडा होतो. आपल्याला काय झेपेल हेही ठरवता येतं.

सुरुवात कारकुनापासून करू, कारण बहुतेक मराठी प्रवासी शेवटी त्याच्याच, म्हणजे बिझनेस हॉटेलच्या, खोलीत जाऊन पडतात. टोकियोतल्या शिम्बाशी भागात १९३८ साली दाइइची हॉटेल उघडलं. १९४०चं ऑलिंपिक टोकियोत व्हायचं होतं, त्याची ती तयारी. युद्धामुळे ऑलिंपिक बारगळलं, पण लहान खोल्या, माफक दर आणि स्टेशनाजवळची जागा ही कल्पना टिकली. दुसरी कलाटणी १९६४च्या ऑलिंपिकची. हॉटेल न्यू ओतानीच्या हजारावर खोल्या मुदतीत पुऱ्या करायच्या होत्या, म्हणून तोतो कंपनीने टब, बेसिन आणि कमोड यांचं अख्खं न्हाणीघर कारखान्यात जुळवून आणून खोलीत बसवलं. आज कोणत्याही बिझनेस हॉटेलात उंबरठा चढून आपण ज्या प्लास्टिकच्या खोक्यात आंघोळ करतो, त्याचा जन्म तिथला. १९८६ साली टोकियोच्याच कामाता भागात तोयोको इन सुरू झालं आणि स्टेशनासमोर एकसारखी खोली, फुकट न्याहारी, व्यवस्थापक बहुतेक महिला हा साचा देशभर पसरला.

खोली ११ ते १५ चौरस मीटरची. बॅग उघडली की चालायला जागा उरत नाही. पण त्या जागेत किटली, फ्रिज, रात्रीचे कपडे, सपाता, टूथब्रश आणि खाली नाणी टाकून चालणारं धुलाई यंत्र असं सगळं असतं, आणि स्वच्छतेत उणं काढता येत नाही. दोरमी इन या साखळीत तर बहुतेक ठिकाणी वरच्या मजल्यावर सामाईक गरम कुंड असतं आणि रात्री साडेनऊनंतर नूडल्सचा वाडगा फुकट मिळतो. प्रांतिक शहरांत आठवड्याच्या मधल्या दिवशी अशी एकट्याची खोली सहा ते नऊ हजार येनला मिळून जाते. टोकियोत आता दहा हजारांच्या वरच धरून चालावं. आरक्षण करताना तीन गोष्टी पाहाव्यात. ‘सेमी-डबल’ हा पलंग दोघांचा म्हणून विकला जातो, पण रुंदी असते १२० ते १४० सेंटिमीटर. नवविवाहितांना तो चालेल, इतरांनी दोन खाटांची खोली घ्यावी. धूम्रपानाच्या खोल्या अजून असतात आणि त्या थोड्या स्वस्त दिसतात; त्यांत एक रात्र काढली की कपड्यांना वास येतो. तिसरी गोष्ट म्हणजे दर माणशी आहे की खोलीचा, हे जपानी संकेतस्थळांवर नीट वाचावं लागतं. मोठ्या बॅगांचा प्रश्न सामान पोचवणाऱ्या ताक्युबिन सेवेने सुटतो. हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या हॉटेलात ती आपली वाट पाहत असते. खर्च बॅगेमागे दोन-तीन हजार येन. चार माणसांच्या कुटुंबाने हा खर्च वाचवू नये असं माझं मत आहे.

कॅप्सूल हॉटेल ही शेवटची गाडी चुकलेल्याची सोय. पहिलं १९७९ साली ओसाकाच्या उमेदा भागात निघालं. आराखडा किशो कुरोकावा या वास्तुकाराचा. त्यांचाच नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ साली टोकियोत उभा राहिला होता; तो २०२२मध्ये पाडला गेला. टॉवर गेला, पण दारू पिऊन उशीर झालेल्या बाबूसाठी केलेली ओसाकाची तोकडी आवृत्ती देशभर पसरली. लांबी दोन मीटर, रुंदी आणि उंची साधारण एकेक मीटर. कायद्याने ही खोली नाही, सामाईक दालनातली एक शेज आहे; परवाना ‘साध्या निवासा’चा असतो, म्हणून पुढे पडदा किंवा झडप असते, कुलूप नसतं. किमती वस्तू खालच्या लॉकरमध्ये. सलग दोन रात्रींचे पैसे भरले तरी बहुतेक ठिकाणी सकाळी दहाला बाहेर पडावं लागतं आणि दुपारी पुन्हा आत यावं लागतं. पूर्वी ही जागा पुरुषांचीच असे. आता बायकांसाठी वेगळे मजले आहेत, आणि २००९ साली क्योतोत निघालेल्या नाइन अवर्सने या धंद्याला पांढरंशुभ्र, आधुनिक रूप दिलं. तीन ते पाच हजार येनमध्ये रात्र निघते, सोबत सौना असली तर अंगही शेकून निघतं. एका रात्रीची गंमत म्हणून ठीक. शेजारचा घोरत असेल तर दुसरी रात्र जड जाते.

याच्याही खालच्या पायरीवर दोया, म्हणजे मजुरांच्या स्वस्त खोल्या. टोकियोत मिनामी-सेंजू स्टेशनाजवळचा सान्या भाग आणि ओसाकात शिन-इमामियाजवळचा कामागासाकी ही रोजंदारी मजुरांची दोन मोठी वसतिस्थानं. १९६०च्या दशकात रस्ते, पूल, ऑलिंपिकची आणि नंतर १९७०च्या ओसाका प्रदर्शनाची मैदानं ज्यांनी बांधली, ते इथल्या तीन तातामींच्या खोल्यांत राहात. तातामी म्हणजे गवती चटई; अशा तीन चटयांची जागा म्हणजे पाच चौरस मीटर. न्हाणीघर आणि संडास सामाईक. १९९०च्या दशकात बांधकामाचा धंदा बसला, मजूर म्हातारे झाले, बरेच जण सरकारी मदतीवर तिथेच राहिले. २००२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सुमारास काही मालकांनी पाटीवर इंग्रजी अक्षरं रंगवली आणि पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या परदेशी पोरांना त्याच खोल्या द्यायला सुरुवात केली. आजही दोन्ही शहरांत सर्वांत स्वस्त स्वतंत्र खोली इथेच मिळते. २०२२ साली होशिनो रिसॉर्ट्सने शिन-इमामिया स्टेशनासमोर मोठं पर्यटक हॉटेल उघडलं, तेव्हा या भागाचं पुढे काय होणार यावर ओसाकात बरीच चर्चा झाली. तिथे राहण्यात धोका नाही. मात्र रस्त्यात बसलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढू नयेत, एवढं भान ठेवावं.

मांगा कॅफेत किंवा नेट कॅफेत रात्र काढण्याचे सल्ले तरुण मंडळी हौसेने देतात. २००७च्या सुमारास जपानी वृत्तपत्रांत ‘नेट कॅफे निर्वासित’ हा शब्द रुळला. २०१८ साली टोकियो महानगर सरकारने जाहीर केलेल्या पाहणीत अशा कॅफेंत रात्र काढणाऱ्या बेघरांची संख्या दिवसाला चार हजारांच्या घरात निघाली. गाडी चुकली आणि दुसरा इलाजच नसला तर गोष्ट वेगळी. प्रवासाच्या आखणीत मी ते धरणार नाही.

हॉस्टेलांबद्दल फार लिहिण्यासारखं उरलेलं नाही. १९५१ साली युथ हॉस्टेल चळवळ जपानात रुजली, १९७०च्या दशकात पाचशेहून अधिक हॉस्टेलं होती, मग मुलं कमी झाली आणि हॉस्टेलंही. २०००नंतर खासगी गेस्टहाउसांची लाट आली; तीही करोनाच्या दोन वर्षांत ओसरली. जी टिकली त्यांतली काही मात्र उत्तम. इझू द्वीपकल्पावरच्या इतो गावात नदीकाठच्या शंभर वर्षं जुन्या लाकडी ऱ्योकानात, म्हणजे पारंपरिक जपानी सराईत, के’ज हाउसने काढलेलं हॉस्टेल याचा नमुना: सामाईक खोलीतल्या खाटेच्या दरात झऱ्याचं पाणी आणि नदीवरची खिडकी. एकट्याने फिरणाऱ्याला खाट तीन ते साडेचार हजार येनला पडते. दोघं असलात तर बेरीज करून पाहा, बिझनेस हॉटेल तेवढ्यातच बसतं. घरगुती निवासाचा कायदा जून २०१८मध्ये लागू झाला. वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आली आणि नोंदणी नसलेली हजारो घरं संकेतस्थळांवरून एका झटक्यात उतरली. क्योतोने तर निव्वळ निवासी भागांत जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच परवानगी दिली, म्हणजे ऐन थंडीत. आजी-आजोबा आणि मुलं मिळून सहा जण असाल तर अख्खं घर घेणं सोयीचं ठरतं. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं पाहावं.

इथवरचं बहुतेक सगळं शहरांतलं. आता गरम पाण्याकडे वळू, कारण स्वस्त आणि सुखाचा मुक्काम खऱ्या अर्थाने तिथे आहे, आणि त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

ओन्सेन म्हणजे काय हे जपानात १९४८च्या कायद्याने ठरलेलं आहे: जमिनीतून निघताना पाण्याचं तापमान २५ अंशांवर हवं, किंवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एक तरी त्यात ठरीव प्रमाणात हवं. म्हणजे पाणी गारही असू शकतं. तापवून दिलं तरी ते ओन्सेनच. देशात असे सुमारे २७ हजार उगम आहेत. परदेशी माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र एकच चित्र असतं: किमोनोतली यजमानीण, चौदा वाट्यांचं जेवण, माणशी तीस-चाळीस हजार येन. हे चित्र खोटं नाही, पण ते त्या जगाचं वरचं टोक आहे. साधा ऱ्योकान माणशी पंधरा ते वीस हजारांत रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून देतो. दर माणशी असतो, त्यामुळे दोघांचे दुप्पट होतात. एकट्या माणसाला शनिवारी बऱ्याच ठिकाणी खोलीच देत नाहीत, कारण खोली एकाच्या पैशांत अडकते. हे ऱ्योकानही झपाट्याने मिटत चाललेत. १९८०च्या सुमारास ते ८० हजारांहून अधिक होते. २०१७पर्यंत ४० हजारांच्याही खाली आले.

खर्च आवरायचा पहिला मार्ग म्हणजे कुंड बाहेर असलेलं गाव निवडणं. क्योतोच्या वायव्येला, समुद्राजवळच्या किनोसाकीत सात सार्वजनिक न्हाणीघरं आहेत आणि गावातल्या कोणत्याही ऱ्योकानात उतरलात तरी त्यांचा पास मिळतो. चाळीस हजारांचा पाहुणा आणि घरगुती मिन्शुकुत उतरलेला पाहुणा संध्याकाळी त्याच कुंडात शेजारी बसतात. नागानोतल्या नोझावा ओन्सेनमध्ये १३ न्हाणीघरं गावकरी मंडळ सांभाळतं. आत शिरताना पेटीत यथाशक्ती पैसे टाकायचे. कुसात्सूत मिनिटाला ३२ हजार लिटरांहून अधिक पाणी आपणहून वर येतं, आणि पाहुण्यांसाठीही उघडी असलेली तीन फुकट कुंडं आहेत. मात्र पाणी इतकं कढत की पहिल्यांदा गुडघ्याच्या वर उतरवत नाही. क्युशू बेटावरच्या बेप्पूत दोन हजारांहून अधिक उगम आहेत आणि वस्तीतल्या न्हाणीघरांत दोन-तीनशे येनमध्ये डुबकी घेता येते. अशा गावी ‘सुदोमारी’ म्हणजे जेवणाविना खोली मागावी. पाच ते आठ हजारांत भागतं, आणि पाण्यात काही कमी पडत नाही.

दुसरा मार्ग जपानी मध्यमवर्गाला तोंडपाठ आहे, आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या पत्रकांत मात्र तो क्वचितच दिसतो. भरभराटीच्या काळात कंपन्या आपल्या नोकरांना वर्षातून एकदा बस भरून ओन्सेनला नेत. त्यांच्यासाठी अतामी, किनुगावा अशा गावांत दोन-दोनशे खोल्यांची काँक्रीटची हॉटेलं उभी राहिली. १९९०नंतर कंपन्यांच्या सहली बंद पडल्या, हॉटेलं कर्जात बुडाली. २००३मध्ये अशिकागा बँक कोसळून सरकारच्या ताब्यात गेली आणि तिच्या कर्जावर तगलेल्या किनुगावाच्या हॉटेलांचा आधार तुटला. नदीकाठची ओस पडलेली काही हॉटेलं आजही रेल्वेतून दिसतात. जी विकली गेली ती इतोएन, ओएदो ओन्सेन मोनोगातारी, युकाई रिसॉर्ट अशा साखळ्यांनी पडत्या भावात घेतली. त्यांनी यजमानीण काढली, खोलीत आणून दिलेलं जेवण काढलं, गाद्या पाहुण्यांनीच पसराव्यात असं ठरवलं, बुफे मांडला आणि टोकियोहून बस सोडली. दर ऱ्योकानच्या जवळपास निम्मा, दोन जेवणं त्यातच. इमारतीचं वय दिसतं, गालिचे विटलेले असतात, बुफेत शाकाहाऱ्याने भात, सॅलड आणि बटाट्यांवर भागवायचं. तरीही जपानी आजी-आजोबा, नातवंडं यांचा तिथला दंगा पाहिला की हा देश सुट्टी कशी घालवतो ते कळतं. चाळीस हजारांच्या ऱ्योकानात ते कळत नाही. सरकारनेही यात हात घातला होता. १९५६पासून कोकुमिन शुकुशा आणि १९६१पासून क्युकामुरा ही राष्ट्रीय उद्यानांजवळची माफक निवासस्थानं निघाली. क्युकामुरा आजही जागेच्या दृष्टीने फार चांगली असतात, फक्त मोटार नसेल तर बसचं वेळापत्रक आधी पाहावं. टपाल विम्याच्या पैशातून उभी राहिलेली ‘काम्पो नो यादो’ मात्र २०२२ साली विकून टाकली गेली.

तिसरा मार्ग तोजीचा, आणि माझा कौल त्यालाच आहे. तोजी म्हणजे गरम पाण्याने उपचार. ईशान्येकडच्या तोहोकू भागातले शेतकरी कापणी झाली की किंवा लावणीच्या आधी तांदूळ, मिसो आणि लोणची बांधून घेऊन ओन्सेनच्या गावी जात. सात दिवसांचा एक फेरा, तब्येत फारच खंगलेली असली तर तीन फेरे. खोली भाड्याची, चूल सामाईक, स्वयंपाक आपला आपण. हनामाकीजवळच्या ओसावा ओन्सेनचा तोजीचा भाग अजून याच रीतीने चालतो. खोलीचं भाडं वेगळं. गादी, पांघरूण, युकाता (सुती अंगरखा), थंडीत शेगडी यांचं भाडं वेगळं. मंगल कार्यालयात गाद्या-भांडी मोजून घ्यावीत तसा हिशेब. आपलं अंथरूण सोबत नेलं तर तेवढे पैसे वाचतात. मियागीतल्या नारुकोला आणि यामागाताच्या डोंगरातल्या हिजिओरीला अशी घरं एका रांगेत आहेत. हिजिओरीत बर्फ नसलेल्या महिन्यांत पहाटे बाजार भरतो, शेजारच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या भाजी घेऊन रस्त्याकडेला बसतात आणि पाहुणे तिथून दिवसाची भाजी घेतात. आकितातल्या तामागावाचं पाणी जपानातलं सर्वांत आम्ल म्हणून प्रसिद्ध. ९८ अंशांचा एकच उगम मिनिटाला सुमारे ९ हजार लिटर पाणी ओकतो. तिथे कर्करोगाचे रोगी चटया घेऊन तापलेल्या खडकांवर पडून राहतात. पाण्याने कर्करोग बरा होतो असं कुणी वैद्यकीय पुराव्याने सांगितलेलं नाही. सहलीच्या उत्साहात तिथे जाऊ नये, ती जागा वेगळ्या माणसांची आहे. शिमा ओन्सेनच्या सेकिझेनकानची मूळ इमारत १६९१ची. तिच्यातल्या जुन्या खोल्या डोंगरावरच्या नव्या विभागांपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळतात आणि जेवणही डब्यासारखं साधं असतं, कारण ती बाजू तोजीच्या रीतीने चालते.

बेप्पूच्या कान्नावा वस्तीत तोजीचं सर्वांत विलक्षण रूप आहे. तिथे गल्लीगल्लीतून वाफ वर येते, आणि ‘काशिमा’ म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या अंगणात दगडी कोठ्या बांधलेल्या असतात. टोपलीत रताळं, कोबी, अंडी, कणीस ठेवायचं, कोठीत सोडायचं, झाकण लावायचं. इंधनाचा खर्च शून्य. या वाफेला तिथे नरकाची वाफ म्हणतात, आणि तिच्यावर शिजलेल्या रताळ्याला मिठाची गरज पडत नाही, कारण वाफेतच खारटपणा असतो. शाकाहारी मराठी माणसासाठी ही सोय पंचतारांकित हॉटेलापेक्षा मोलाची आहे. जपानी जेवणात दिसायला भाजी असली तरी तिच्या रश्शात सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. सूप, सॉस, उकडलेल्या पालकाच्या भाजीतसुद्धा. मासे नकोत एवढं सांगून भागत नाही, कारण जपानी स्वयंपाक्यांच्या लेखी अर्क म्हणजे मासा नव्हे. तोजीच्या चुलीवर मात्र आपली डाळ-तांदळाची खिचडी आपण करू शकतो. फोडणीचा ठसका अख्ख्या मजल्याला लागणार नाही याची काळजी घ्यावी. मसाल्याचे वास लाकडी भिंतीत आठवडाभर राहतात.

चूल नको आणि तरीही निर्धास्त जेवायचं असेल तर शुकुबो, म्हणजे मठातला मुक्काम. कोयासानच्या डोंगरावर ११७ मठ, त्यांतले पन्नासेक पाहुणे ठेवतात. जेवण बौद्ध भिक्षूंचं: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. कडक जैन आहार असलेल्यांनी मात्र कंदमुळांचं आधीच सांगावं, कारण गोबो नावाचं मूळ आणि मुळा यांच्यावाचून तिथलं ताट पुरं होत नाही. पूर्वी ही यात्रेकरूंची जागा होती. आता माणशी बारा हजार येनच्या खाली फारसं काही मिळत नाही आणि चांगल्या मठांचे दर ऱ्योकानला गाठतात. पहाटेच्या प्रार्थनेला बसायचं असेल तरच ते पैसे सार्थकी लागतात.

पाण्याच्या खरेपणाविषयी एक प्रकरण इथेच सांगितलं पाहिजे. २००२मध्ये मियाझाकीतल्या ह्युगा गावी नव्या सार्वजनिक ओन्सेनमध्ये लीजिओनेला जंतूंनी २९५ जणांना ग्रासलं आणि सात जण दगावले. पाणी गाळून पुन्हापुन्हा फिरवण्याच्या यंत्रणेची सफाई झाली नव्हती. मग क्लोरीन वाढलं. २००४ साली उलटं निघालं: दुधट पाण्यासाठी नावाजलेल्या शिराहोने ओन्सेनमध्ये पाणी दुधट दिसावं म्हणून पूड टाकली जात असल्याचं उघड झालं आणि देशभर चौकशा लागल्या. २००५पासून प्रत्येक ओन्सेनला पाणी मिसळलं आहे का, तापवलं आहे का, फिरवलं आहे का, जंतुनाशक घातलं आहे का, हे फलकावर लिहावं लागतं. तरी २०२३मध्ये फुकुओकातल्या एका नामांकित ऱ्योकानात कुंडाचं सगळं पाणी वर्षातून दोनदाच बदललं जात होतं असं बाहेर आलं. यातून निघणारा निष्कर्ष स्वस्तात राहणाऱ्याला सुखावणारा आहे. पाण्याचा खरेपणा दरावर ठरत नाही. उगमावर बसलेल्या जुन्या तोजीघरात पाणी सरळ कुंडात येतं आणि ओसंडून वाहून जातं. ‘गेन्सेन काकेनागाशी’ हे शब्द फलकावर दिसले की समजावं. दीडशे खोल्यांच्या हॉटेलला भली मोठी कुंडं भरायची असतात, त्यांना पाणी फिरवावं लागतं.

आता संकोचाचा मुद्दा. वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा कोकणातल्या तुरळ-उन्हवऱ्याच्या कुंडांत आपण अंगावर कपडे ठेवून उतरतो. जपानात तसं चालत नाही. पुरुष आणि बायका वेगळे, पण पूर्ण विवस्त्र. आधी स्टुलावर बसून साबणाने अंग धुवायचं, मग उतरायचं, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. संकोच जात नसेल तर ‘काशिकिरी’ कुंड तासाभरासाठी घरच्यांपुरतं राखता येतं. लहान ऱ्योकानांत ते बहुधा फुकट असतं, मोठ्या हॉटेलांत दोन-तीन हजार येन घेतात.

करांचा बोजा हलका आहे, पण सारखा नाही. ओन्सेनला माणशी साधारण १५० येनचा स्नानकर लागतो. टोकियोत दहा हजार येनच्या आतल्या मुक्कामाला कर नाही. क्योतोने २०१८ साली कर बसवला आणि मार्च २०२६पासून तो वाढवला. सर्वांत वरच्या पायरीला माणशी रात्रीला दहा हजार येन, सहा हजारांच्या आतल्या मुक्कामाला मात्र पूर्वीसारखेच दोनशे. कराहून जास्त फरक वाराचा पडतो. शनिवारची खोली रविवारी कित्येकदा निम्म्यावर येते. एप्रिलअखेर ते ५ मे, ऑगस्टच्या मध्याचा ओबोन हा पितरांचा सण आणि नववर्ष या तीन काळांत सगळा जपान बाहेर पडतो. तेव्हा स्वस्त हा शब्द विसरावा. क्योतोत चेरी फुलताना आणि नोव्हेंबरात पानं लाल होताना तेच. त्या दिवसांत शेजारच्या ओत्सूत किंवा ओसाकात राहून रेल्वेने ये-जा करणं शहाणपणाचं. देशभराचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला आहे. त्यामुळे मुक्काम स्वस्त मिळावा म्हणून रोज बुलेट ट्रेनने लांब पळण्यात आता फायदा उरलेला नाही. एका भागात चार-पाच दिवस मुक्काम ठोकणंच परवडतं.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा सल्ला असा: टोकियोत तीन रात्री बिझनेस हॉटेल, हौस म्हणून एक रात्र कॅप्सूल, आणि उरलेले दिवस रविवार ते गुरुवार या वारांत तोहोकूत किंवा बेप्पूत तोजीच्या खोलीत. अशा कित्येक घरांची नोंद मोठ्या आरक्षण संकेतस्थळांवर नसते. मालक सत्तरीपुढचे असतात, इंग्रजी येत नाही, आरक्षण फोनवरच होतं. पुण्यात जपानी शिकणारी मुलं दरवर्षी परीक्षांना रांगा लावतात. त्यांतल्या एखाद्याला गाठून तो फोन करवून घ्या. जेवण नको, गादी हवी, दोघं आहोत, किती वाजता पोचू, एवढी चार वाक्यं पुरतात.